वयाच्या ३७ व्या वर्षी ट्रकचालक होण्याचा विचार आहे: अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

गोदाकाठ (धागाकर्ता), १९ जानेवारी

नमस्कार. मी नाशिकला सातपूर भागात राहतो. एका छोट्या कारखान्यात तेरा वर्षे प्रेस मशीनवर काम केले. दिवाळीनंतर तो कारखाना बंद झाला. मालकांनी सर्वांचा हिशेब चुकता केला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु वय ३७, शिक्षण बारावी, आणि जिथे जावे तिथे कंत्राटी काम व सहा महिन्यांनी ब्रेक, एवढेच ऐकायला मिळते. चारचाकीचा परवाना माझ्याकडे २०१४ पासून आहे. चुलतभावाची पिकअप भाजीपाला भरून मी अनेकदा वाशीपर्यंत नेली आहे आणि ते काम मला मनापासून आवडते. जड वाहनाचा परवाना काढून ट्रकवर जावे, असे गेले दोन महिने डोक्यात घोळते आहे.

घरी आई, पत्नी आणि दोन मुली आहेत. पत्नी शिवणकाम करते. तिचा विरोध नाही, पण घाटातल्या अपघाताची बातमी लागली की ती टीव्ही बंद करते, हे मी पाहिले आहे.

परवाना कसा काढावा, शिकावे कुठे, आणि या वयाच्या नवख्या माणसाच्या हाती कोणी गाडी देतो का, हे मला विचारायचे आहे. कृपया मोकळेपणाने लिहा.

---

एल_बोर्ड, १९ जानेवारी

मी गेली अठरा वर्षे मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणून परवान्यापुरते सांगतो.

मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या परवान्यासाठी वय २० वर्षे पूर्ण लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. या दोन्ही अटी तुम्ही केव्हाच ओलांडल्या आहेत. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली गेली. डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये द्यावे लागते. त्यात दृष्टी आणि रंग ओळखण्याची तपासणी असते. ती केवळ सही घेण्यापुरती उरकू नका. चाळिशीच्या उंबरठ्यावर रात्रीची नजर कमी होऊ लागते आणि आपल्याला ते कळतही नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि जड वाहनासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते. हा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो.

शिकण्याबाबत आग्रहाने सांगतो. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले आहेत. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. पुण्यात नाशिक फाट्याजवळ सीआयआरटीची (केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेची) आयडीटीआर ही चालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही चौकशी करा. 'या, आठ दिवसांत हेवी काढून देतो' असे सांगणाऱ्याच्या दारात जाऊ नका. माझ्याच व्यवसायातील लोकांविषयी हे लिहिताना मला वाईट वाटते, पण रिकामी गाडी मैदानात आठच्या आकड्यात फिरवून मिळालेला परवाना भरल्या गाडीला उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. म्हणजे जड परवान्याची वाट पाहत असताना पिकअप किंवा छोटा हत्ती तुम्हाला रोजीवर चालवता येईल.

---

जुना_गिअर, २० जानेवारी

गोदाकाठ, मी २९ वर्षे ट्रक चालवला. त्यातली पहिली चार वर्षे मी किन्नर, म्हणजे क्लीनर, होतो. गाडी धुणे, ताडपत्री बांधणे, रात्री टायर राखणे, उस्तादाला जाग यावी म्हणून बोलत राहणे हे माझे काम. स्टेअरिंग हाती आले ते प्रथम रिकाम्या गाडीचे, तेही पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. ती चार वर्षे वाया गेली असे तेव्हा वाटत असे. आज वाटते की माझा जीव त्या चार वर्षांनीच वाचवला.

आता बहुतेक गाड्यांवर किन्नरच नसतो. मालकाचा एक पगार वाचतो, पण त्याबरोबर शिकण्याची जुनी वाट बंद झाली. पूर्वी रस्त्यावर आलेला नवा चालक आधी काही लाख किलोमीटर शेजारच्या सीटवर बसून आलेला असे. आज परवाना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माणूस एकटाच भरली गाडी घेऊन घाटात उभा असतो. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: ही बंद झालेली वाट तुम्ही स्वतःसाठी उघडून घ्या. पगार कमी मिळाला तरी चालेल, पण पहिले सहा-आठ महिने एखाद्या जाणत्या चालकाच्या गाडीवर दुसरा चालक म्हणून काढा. वय ३७ ही अडचण मानू नका. तेरा वर्षे प्रेसवर दहाही बोटे शाबूत ठेवणाऱ्या माणसाला सावधपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

घाटाविषयी सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाचा घात तिथेच होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम आहे आणि तो आजही खरा आहे. गाडी इंजिनाने धरून ठेवायची असते. सतत पायब्रेक दाबून उतरलात तर चाकातला ड्रम आणि त्याला घासून गाडी थांबवणारा लायनर तापतात, एका मर्यादेनंतर लायनर धरतच नाही, आणि त्या क्षणी पायाखाली पेडल असूनही ब्रेक नसतो. लोक त्याला 'ब्रेक फेल' म्हणतात. बहुतेक वेळा ब्रेक निकामी झालेले नसतात, आपण ते वरच्या वळणावरच संपवलेले असतात.

न्यूट्रल करून उतरणे हा तर स्वतःहून ओढवलेला मृत्यू आहे. डिझेल वाचते या समजुतीने चालक तसे करतात. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जात राहते. म्हणजे बचतही होत नाही. इंजिन बंद केले तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, चार-सहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतील हवा उतरते आणि स्टेअरिंगही जड होते. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने उतारावर कितीतरी गाड्यांना धडक दिली. तेव्हाही प्राथमिक तपासात गाडी न्यूट्रलवर असल्याचेच पुढे आले. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर तो उतार डोळ्यांना उतार वाटत नाही, हीच त्याची भीती आहे. कसारा आणि बोरघाट निदान समोर दिसतात.

रोज सकाळी निघण्यापूर्वी टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका द्या. हवा पुरेशी असेल तर टॉमी टणकन उसळते. कमी असेल तर आवाज बद्द येतो. मागच्या जोडटायरमध्ये दगड अडकलेला नाही ना, हे वाकून पाहा. तो दगड ऐंशीच्या वेगात सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. मग इंजिन चालू करून हवेचा काटा भरू द्या, ब्रेक दाबून धरा आणि कुठे फुसफुस ऐकू येते का, ते कान देऊन ऐका. एवढ्याला दहा मिनिटे लागतात.

---

पाऊलखुणा, २० जानेवारी

वरील दोन्ही सदस्यांविषयी आदर राखून मी वेगळे मत मांडतो. मी पाच वर्षे कंटेनर चालवला आणि सोडला. चालवण्यापेक्षा थांबण्याने मला थकवले. न्हावा शेवा बंदराबाहेर रांगेत गाडी लावायची, एकेक वेळा चोवीस तास पुढे सरकायचे नाही, सावली नाही, स्वच्छ शौचालय नाही, आणि गाडी सोडून जाता येत नाही, कारण रांग केव्हा हलेल हे कोणी सांगत नाही. मग गाडी खाली झाली की लगेच फोन येतो, 'वेळेत पोचा'. गेलेला वेळ भरून काढायचा तो चालकाने, स्वतःच्या झोपेतून.

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्यासाठी परवानगीने जास्तीत जास्त दहा तास ठरवले होते. माझ्या पाच वर्षांत मला तो दहा तासांचा दिवस क्वचितच दिसला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले ही चांगली गोष्ट आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून अनेक वर्षे चालणार आहेत आणि नवख्याला जुनीच गाडी मिळते. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे राहूनही मन झोपते. मला तसे एकदा झाले. गाडी कठड्याला घासून थांबली, कोणाला काही झाले नाही. पण मी त्या महिन्यातच काम सोडले.

गोदाकाठ, तुम्हाला लहान मुली आहेत. जाऊच नका असे मी म्हणणार नाही. 'झोप आली आहे, मी थांबतो' असे मालकाला फोनवर सांगण्याची ज्याची तयारी असेल आणि जो मालक ते ऐकून घेईल, अशी जोडी जमली तरच जा.

---

तुळशीवृंदावन, २१ जानेवारी

गोदाकाठ दादा, मी चालकाची पत्नी म्हणून लिहिते आहे.

आमचे हे सोळा वर्षे ट्रकवर होते. २०१९ मध्ये दुसऱ्या गाडीने मागून धडक दिली आणि यांचा पाय मांडीत मोडला. ज्यांच्याकडे गाडी होती, त्यांनी दवाखान्यात पहिल्या दिवशी काही पैसे दिले आणि नंतर 'तो आमच्याकडे कामालाच नव्हता' असे सांगितले. पगार रोख मिळत होता, नेमणुकीचा कागद नव्हता. मात्र यांना एक सवय होती. प्रत्येक खेपेचा हिशेब हे एका वहीत लिहीत: उचल किती, डिझेल किती, वजनकाटा, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), पंक्चर, जेवण, आणि परत आल्यावर हिशेब दिला त्या दिवशी वहीवर मालकांच्या मुनिमाची सही. त्या वहीच्या आधाराने आम्ही कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा केला. निकालाला वेळ लागला, पण तो आमच्या बाजूने लागला. ती वही मी अजून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली आहे.

म्हणून पगार बँकेतच घ्या. गाडीच्या विम्यात पगारी चालकाचे दायित्व धरले आहे का, हे कामाला लागण्यापूर्वी विचारा. त्याचा हप्ता अगदी थोडा असतो आणि तरीही अनेक जण तो वगळतात. तुमच्या बँकेतून वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा दोन्ही घेऊन ठेवा. दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण आहे.

वहिनींसाठी एक निरोप द्या. गाडी चालू असताना घरून फोन करायचा नाही, त्यांनी थांबल्यावर करायचा, असा नियम आम्ही पहिल्या वर्षीच केला. घरातील भांडण, मुलांचे आजारपण, सासूबाईंचे दुखणे हे सगळे गाडी उभी असतानाच सांगायचे. रात्री साडेनऊला फोन आला नाही तर जीव टांगणीला लागतो, हे खरे आहे आणि त्याची सवय कधीच होत नाही. तरीही मी त्या वेळेत फोन केला नाही.

---

दहाचाकी, २२ जानेवारी

माझ्या दोन दहा टायरच्या गाड्या आहेत, मुख्यतः कांदा आणि परतीला जे मिळेल ते. तुळशीवृंदावन ताईंनी लिहिलेले वाचून मालक म्हणून मान खाली गेली. आम्ही सर्व तसे नाही, पण तसे लोक आहेत, हे मान्य केले पाहिजे.

मालक निवडताना तीन गोष्टी विचारा. वजन किती भरता, ई-चलन आले तर कोण भरतो, आणि कागद पूर्ण आहेत का. दहा टायरच्या गाडीचे एकूण वजन २०१८ च्या वाढीनंतर २८.५ टन आहे. त्यावर भरले तर कायद्याने २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार. दंडाचे सोडा, घाटात ब्रेकवर पडतो तो याच जादा टनांचा भार, आणि तेव्हा मालक घरी झोपलेला असतो. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी यांच्या तारखा स्वतः वाचून घ्या. ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याआधी वाढवून घेण्यासाठी मालकाला लगेच कळवा.

मी चालकाला महिना २२,००० रुपये आणि खेपेचा भत्ता वेगळा देतो. नवख्याला कमी देतो आणि शेजारी जुना चालक बसवतो. डिझेलच्या हिशेबात लिटरमागे दहा मीटरचा फरक मी काढत बसत नाही; मला गाडी वेळेवर ग्रीस झालेली आणि टायर सारखे झिजलेले हवे असतात. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत धूर स्वच्छ करणारा द्रव युरिया संपू देऊ नका, नाहीतर गाडी ओढायचीच थांबते आणि नेमकी नको त्या जागी.

---

गोदाकाठ, २२ जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्नीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तुळशीवृंदावन ताईंचा प्रतिसाद तिने स्वतः पुन्हा वाचला आणि शिलाईच्या वहीसारखी एक लांबट वही काढून ठेवली.

एक भीती विचारायची राहिली. माझ्या हातून अपघात झाला आणि जमाव जमला, तर काय करावे? नव्या फौजदारी कायद्यातील दहा वर्षांच्या शिक्षेवरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चक्का जाम केला होता, ते आठवते.

---

एल_बोर्ड, २३ जानेवारी

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे कलम १०६ चे ते उपकलम (२) लागू करण्यात आले नाही. पण त्यावर विसंबू नका, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ आधीपासूनच आहे: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या क्षोभामुळे तिथे थांबणे शक्य नसेल, तर ती अडचण त्याच कलमात मान्य केली आहे. तेव्हा जिवाला धोका असेल तर तिथून निघा, पण थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, वाटेतूनच ११२ वर फोन करून जागा सांगा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. फोनवर त्या कॉलची वेळ राहते. पुढे तीच तुमच्या बाजूने बोलते.

---

राईनकाठ, २५ जानेवारी

मी जर्मनीत एका गोदामात गाड्यांच्या वेळा लावण्याचे काम करतो. पाऊलखुणा यांच्या प्रतिसादामुळे लिहावेसे वाटले. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला साधारणपणे नऊ तास, आणि हे सगळे चालकाच्या कार्डावर नोंदले जाते. ४५ तासांची पूर्ण साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेण्यासही मनाई आहे. माल उशिरा पोचला म्हणून मी चालकाला 'जरा ओढ' म्हणू शकत नाही, कारण कार्ड खोटे बोलत नाही. गोदाकाठ यांना आत्ता याचा उपयोग नाही, हे खरे. पण साडेचार तासांनी पाऊण तास थांबण्याचा नियम माणूस स्वतःपुरता कुठल्याही देशात पाळू शकतो.

---

गोदाकाठ, ७ सप्टेंबर

आठ महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. शिकाऊ परवान्याच्या काळात पिकअपवर रोजीने काम केले. सहा आठवड्यांचे प्रशिक्षण पूर्ण केले, एप्रिलमध्ये परवाना मिळाला. पाच मालकांना भेटलो. 'वजन किती भरता' असे विचारल्यावर दोघांनी नंतर फोनच उचलला नाही. चौथ्यांकडे दुसरा चालक म्हणून लागलो. माझे उस्ताद ५८ वर्षांचे आहेत. पगार १४,०००, बँकेत जमा होतो.

गेल्या महिन्यात पिंपळगावहून चाळीतला कांदा भरून वाशीला निघालो. रात्रीचे अकरा, इगतपुरीला मुसळधार पाऊस आणि धुके इतके की पुढच्या गाडीचे लाल दिवे विझल्यासारखे दिसत होते. घाटाच्या आधी उस्तादांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाले, 'आज तू उतरव.' मी तिसरा गिअर टाकला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) लावला. मागून एक गाडी सारखा हॉर्न देत होती. माझा पाय नकळत ॲक्सिलरेटरकडे जाऊ लागला, तेव्हा उस्ताद समोर बघतच म्हणाले, 'त्याला वाजवू दे. त्याचा कांदा नाही आपल्या गाडीत.' पूर्ण घाटात मी पायब्रेक किती वेळा दाबला ते मोजत होतो: नऊ वेळा.

खाली आल्यावर त्यांनी मला खाली उतरवून मागच्या ड्रमजवळ हात न्यायला सांगितले. पाऊस पडतच होता. ड्रम कोमट होता. त्यांनी स्वतःही हात नेऊन पाहिला आणि काही न बोलता चहा सांगायला गेले. मी घरी फोन केला. साडेनऊची वेळ केव्हाच टळून गेली होती, पहिल्याच रिंगला उचलला गेला.

आता एक अडचण विचारतो. पावसात कांद्यावर ताडपत्री पूर्ण आवळली तर आत घाम धरतो आणि वाशीला पोचेपर्यंत वरच्या थरातल्या गोण्या ओल्या लागतात. सैल ठेवली तर पाणी आत येते. मंडळी काय करतात?

---

जुना_गिअर, ७ सप्टेंबर

पुढून आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण आवळा, कारण चालत्या गाडीला पाऊस पुढूनच मारतो. मागे फाळक्याच्या वर वीतभर फट ठेवा आणि ताडपत्रीचे टोक बाहेरच्या बाजूला छपरासारखे पुढे काढून बांधा. वरच्या थरातल्या मधल्या दोन गोण्या उभ्या लावल्या की ताडपत्रीला मध्ये उंची येते, पाणी साचत नाही आणि खालून हवा खेळते. घाट उतरून पाऊस थांबला असेल, तर चहाला थांबाल तेव्हा एक बाजू सोडून ठेवा. वाशीच्या गेटवर नंबर लागेपर्यंत तर नक्कीच. आणि उस्तादांना माझा नमस्कार सांगा.